पहिली पात

इर्जिक घालायचं रंगनाथनं ठरवलं तेव्हा तो देवळाली प्रवऱ्याला उसाच्या बांधावर उभा होता, आणि ज्या माळावर ती घालायची तो होता इकडं पारनेरच्या अंगाला. लांबून घेतलेले निर्णय सोपे जातात, त्यात पाय मळत नाहीत.

त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या मुलीचा, निकिताचा, साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर, आणि तो त्याच्या बापाच्या दारात. सासऱ्याच्या बागायतीत राहायला गेल्याला त्याला एवढी वर्षं झाली, ऊस त्याच्या नावावर झाला, कारखान्याचा तो सभासद झाला, पण देवळालीत कुणी त्याचं घर विचारलं तर सांगणारा अजूनही ‘ते जावई ना, ते पलीकडं’ असंच सांगे. व्याह्यांच्या माणसांनी एकदा तरी त्याचं स्वतःचं दार बघावं, एवढी त्याची हौस होती. तिला नाही म्हणणं कुणालाच सोपं नव्हतं.

अडचण एवढीच की दारापुढचं खळं मांडवाला अपुरं होतं, आणि सगळा मांडव बसेल अशी सपाट जागा एकच. गोठ्यापलीकडचं बैलांचं कुरण. बैल विकल्यापासून ती जागा धाकट्या सुनेच्या, आरतीच्या, ताब्यात होती आणि तिथं तिनं बाग केली होती. बाग हा तिचा शब्द. वस्तीवरचे लोक त्याला गवत म्हणत.

रंगनाथ आधी रोटाव्हेटर पाठवणार होता. पण कुरणाखालून विहिरीची पाइपलाइन गेलेली, ती धाकट्या भावानं, वैजनाथनं, स्वतः पुरलेली, आणि ती नेमकी कुठून गेलीय हे विचारल्यावर वैजनाथनं हातानं जी रेघ दाखवली ती दर वेळी वेगळी होती.

“मग हातानं काढू,” रंगनाथ फोनवर म्हणाला. “इर्जिक घाला, तात्या. सगळी वस्ती एक दिवस राबंल, आपन जेवू घालू. वस्तीला आवतन जाईल, पोरीची बातमीबी हुईल.”

“बरं,” त्याचे वडील, सहादेवतात्या, म्हणाले.

संध्याकाळी आरतीनं चहा देताना विषय काढला. “तात्या, निदान बी पडेपर्यंत थांबा. आत्ता काढलं तर पुढच्या वर्षी काहीच उगवणार नाही. दिवाळी झाली की मी स्वतः कापून देते.”

“बरं,” तात्या म्हणाले.

तात्यांचं ‘बरं’ वस्तीत सगळ्यांच्या परिचयाचं होतं. ते मागेल त्याला मिळे, आणि एकदा मिळालं की त्या माणसाला पुढं काही बोलता येत नसे. थोरल्याला दिलेलं बरं आणि धाकटीला दिलेलं बरं एकमेकांना भेटणार होते ते इर्जिकीच्या दिवशी. गणपती उठून गेले होते, उन्हं कडक पडली होती, बाजरी निसवली होती. वस्तीवरच्या बायांना एक दिवस मोकळा काढता येईल असा हाच काळ.

* * *

बाया आल्या त्या खुरपी घेऊन. पण खुरपं हे निमित्त होतं, हे तात्यांच्या थोरल्या बहिणीला, भागूबाईला, पहिल्यांदा कळलं. तिचं सासर गावातच, पलीकडच्या वस्तीवर. त्यामुळे माहेरच्या भानगडी तिला ताज्या मिळत. एरवी इर्जिकीला घरटी एक बाई येते. आज एकेका घरातून दोघी दोघी आल्या होत्या, सासू आणि सून, ज्या एका कामाला कधी एकत्र जात नाहीत.

“लई माया आली गं तुमाला आमच्या माळाची,” भागूबाई म्हणाली.

“बघू तरी काय हाय आत,” एक जण म्हणाली. “तीन साल झालं, ना शेरडू आत सोडती ना गुरू. मी म्हनलं अफू लावली का काय.”

सगळ्या हसल्या. आरतीही हसली, ती कुंपणाचं फाटक उघडत होती.

ही आरती भिंगारची. तिचे वडील कँटोन्मेंटमधल्या एका बंगल्यावर माळी होते. हिरवळ कातरण्यात त्यांची सारी नोकरी सरली. गवत बोटाच्या पेराएवढं झालं की साहेबाच्या कपाळाला आठी पडे, म्हणून ते त्याआधीच यंत्र फिरवत. अशा माणसाच्या मुलीनं सासरी आल्यावर गुडघाभर गवत राखावं, याचं वैजनाथला बरेच दिवस नवल वाटलं होतं. सुरुवातीला तिनंही बापाचाच कित्ता गिरवला. गुलाब लावले, हिरवळीचे गड्डे आणले. पहिल्याच उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी भांडी लावायची वेळ आली, तेव्हा गुलाबाला पाणी घालताना तिला सासरच्या माणसांकडं बघवेना. सगळं वाळलं. वाळलं नाही ते फक्त बांधावरचं, ज्याला कुणी कधी पाणी दाखवलं नव्हतं. मग ती त्याच्याच मागं लागली. टेकडीवरून पवना गवताचे गड्डे आणले, रस्त्याकडेच्या मारवेलाचं बी ओरबाडून आणलं, तरवड लावला, आणि मधूनमधून जे आपोआप उगवलं ते काय आहे हे कळेपर्यंत उपटायचं नाही असं ठरवलं. बऱ्याच गोष्टींची नावं तिला अजून ठाऊक नव्हती. नाव कळलं नाही की ती सासऱ्यांना विचारी, आणि त्यांनाही आलं नाही तर दोघं मिळून वाट बघत.

आज मात्र तात्या तिच्याकडं बघत नव्हते. गुडघा दुखतो म्हणून ते लिंबाखाली बाजेवर बसले होते आणि टोपी उगाचच दोनदा झटकून झाली होती.

वैजनाथ घरात बायकोच्या बाजूचा आणि अंगणात भावाच्या. आजचा सगळा कारभार अंगणात असल्यामुळे त्यानं इर्जिकीच्या आमटीचं पातेलं स्वतःकडं घेतलं होतं. धूर डोळ्यांत जात होता, आणि त्यामुळे कुणाकडंच बघायला नको होतं.

* * *

रंगनाथचा टेम्पो आला. त्यातून तो उतरला, निकिता उतरली, आणि लापशीसाठी गुळाची भेली उतरली.

“काका कुठंय?” निकितानं विचारलं.

“आमटीच्या मागं लपलाय,” भागूबाई म्हणाली. “ये बाई. नवरी हुयाच्या आधी ऊन लागू दे जरा.”

रंगनाथनं फाटकातून आत नजर टाकली आणि त्याला खरंच वाईट वाटलं. बागायतीत राहून त्याच्या डोळ्याला सरळ सऱ्यांची सवय झाली होती. इथं काहीच सरळ नव्हतं. पवना कमरेला लागत होता. मधे पिवळं, मधे निळं, मधे नुसतंच पिंगट. पाहुण्यांच्या गाड्या दारात येतील आणि त्यांना वाटेल, ह्या घरात राबणारं कुणी उरलं नाही.

“वैन्या, आरे घराचं काय करून ठेवलंय,” तो पातेल्याकडं बघून म्हणाला.

“तात्यांना विचारूनच केलंय, दादा,” वैजनाथ धुरातून बोलला.

तात्यांनी टोपी तिसऱ्यांदा झटकली.

“आणि ही कुसळी बघ,” रंगनाथ म्हणाला. “पाहुण्या बाया पैठण्या नेसून येनार. आल्या तशा पदरात कुसळं भरून जातील. पोरीच्या सासरी पहिली आठवन हीच.”

ते खरं होतं. पहिल्याच वर्षी आरतीनं स्वतःच्या साडीतून कुसळं वेचली होती.

“सगळं काढायचं,” रंगनाथ बायांना म्हणाला. “काय ठेवू नका. धरा पाती.”

बाया हलल्या नाहीत. त्या भागूबाईकडं बघू लागल्या.

“पहिली पात कोन धरनार?” भागूबाईनं विचारलं.

“धर की तूच, आत्या.”

“मी का म्हनून? इर्जिक कुनाची? आवतन कुनाचं आलंय आमाला? तुजं. मग पहिली पात तुजी.”

हा नियम तिनं आत्ता काढलेला नव्हता. या भागात बाजरीत तूर, मटकी, हुलगा असं काय काय एकत्र पेरतात, आणि कुणाच्या वावरात काय पेरलंय हे ज्याचं त्यालाच माहीत. बाहेरून आलेल्या बायांनी पीक कुठलं आणि तण कुठलं हे कसं ओळखायचं? म्हणून इर्जिकीला मालकानं कडेची पहिली पात, म्हणजे खुरपत जायचा पहिला पट्टा, धरायची आणि दोन हात पुढं राहायचं. तो जे राखेल ते पीक. तो जे काढेल ते तण. मागच्यांनी त्याच्या पातीकडं बघत यायचं, विचारत बसायचं नाही.

“आता इथं काय पेरलंय, आत्या? सगळं काढायचंय म्हनलं ना.”

“मग सोपंच हाय की. बस खाली.”

देवळालीला त्याच्या उसाला टोळ्या येत. खुरपं हातात धरून त्याला किती दिवस झाले हे त्याला आठवलं नसतं. पण सासऱ्याकडं जाऊन खुरपं विसरला, असं ऐकून घ्यायचं नव्हतं. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसला. आरतीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी शेवटची पात धरली. तिथून तिला सगळी रांग दिसत होती.

* * *

सुरुवात रंगनाथनं जोरात केली. गाजरगवत मुळासकट, कुरडू मुळासकट. निकिता त्याच्या शेजारी उकिडवी बसली होती.

“हे फेकायचं?”

“फेक.”

“हे निळं?”

“फेक. सगळं फेक.”

“नाव काय ह्याचं?”

“मला काय माहीत. काकूला विचार.”

निकिता उठून शेवटच्या पातीला गेली, विचारून आली. “विष्णुकांता. काकू म्हणते ऊन वर आलं की मिटते. पप्पा, इतकुशी आहे आणि मिटते कशाला?”

रंगनाथ उत्तर देणार तेवढ्यात फोन आला. पारनेरचा मांडववाला. त्यानं फोन खांद्यात धरला, मान वाकडी केली, आणि एका हातानं खुरपत बोलू लागला.

“हां, बोला. न्हाई न्हाई, झालर लाल नको. व्याही म्हनत्यात गुलाबी.”

इथून पुढं जे झालं ते भागूबाईनं पाहिलं. दुसरी पात तिची होती.

रंगनाथचं तोंड मांडवात होतं आणि हात कुरणात. त्या हाताला मारवेलाचा ठोंब लागला. हात थांबला नाही, घुटमळलाही नाही. ठोंबाभोवतीचं गाजरगवत त्यानं उपटलं, ठोंबाच्या बुडाची माती सैल केली आणि पुढं गेला. पुढं पवना. तिथंही तसंच. लहानपणी हेच कुरण राखायचं काम त्याच्याकडं होतं. मारवेल कापायचा, उपटायचा नाही. उपटला तर पुढच्या साली बैल काय खाणार, हे तात्यांनी त्याला शब्दांनी शिकवलं नव्हतं. पाठीत चापट मारून शिकवलं होतं. चापटीनं शिकवलेलं डोक्यात राहत नाही, हातात राहतं.

भागूबाई मागं वळली. फक्त रंगनाथच्या पातीकडं हनुवटीनं खूण केली. बायांनी बघितलं. मारवेल राहिला, पवना राहिला, तरवड राहिला. पाथरी दिसली तशी एकीनं भाजीला म्हणून ओच्यात टाकली. गाजरगवताचे ढीग पडू लागले. कुसळी मात्र पातीत ठिकठिकाणी निघत होती, कारण कुसळी रंगनाथच्या हातालाही नको होती.

शेवटच्या पातीवर आरतीला हे समजायला वेळ लागला. तिला आधी वाटलं, बाया आपल्यावर दया करताहेत. दया तिला नको होती. दया संध्याकाळी चर्चेला येते. मग तिनं पुढं बघितलं, दिराच्या वाकड्या मानेकडं आणि त्याच्या सरळ चाललेल्या हाताकडं, आणि ती खाली बघून भराभर खुरपू लागली. फोन संपू नये एवढंच तिच्या मनात होतं.

“गाद्या किती? थांबा, सांगतो,” रंगनाथ म्हणत होता.

“पप्पा, हे काय आहे?”

निकितानं पवन्याची पाती बाजूला सारली होती. आत दोऱ्यासारखी एक वेल, आणि तिला एकच फूल. फूल म्हणावं असं ते नव्हतं. हिरवट नळी, वर जांभळट काड्यांचा मिटलेला पिंजरा. कुणीतरी ढेकळाएवढ्या घरासाठी बनवलेला कंदील.

रंगनाथनं फोन खांद्यावरून काढला. “मी करतो तुमाला,” म्हणाला आणि बंद केला.

“खरचुडी,” तो म्हणाला. “आरे, खरचुडी हाय. वैन्या, इकडं ये.”

वैजनाथ डाव हातात घेऊनच आला. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले आणि बघत राहिले.

“खायची असते?” निकितानं विचारलं.

“खाली कांदा असतो. गोडूस. बैलं चारताना आमी हेच खायचो. हा शोधायचा, मी उकरायचो.”

“आणि जास्त तूच खायचास,” वैजनाथ म्हणाला.

“मी उकरायचो ना. थांब, तुला दाखवतो.” रंगनाथनं वेलीच्या बुडाशी खुरपं रोवलं.

“दादा.”

इतक्या वर्षांत आरती मोठ्या दिराशी थेट बोलली असेल ती जेवायला वाढताना, आणि तेही ‘घ्या’ एवढंच. ती शेवटच्या पातीवरून चालत आली होती.

“एकच आहे, दादा. कुठून आली मलाही माहीत नाही. पवन्याच्या गड्ड्याबरोबर आली असेल. दोन वर्षं नुसती वेल होती, मला वाटलं काहीतरी रानवट आहे. फूल आजच बघतेय.”

रंगनाथनं खुरपं आणखी दाबलं नाही, काढलंही नाही. “एकच?” तो म्हणाला. “हितं पायापायाला हुत्या.”

“आता टेकडीवरही दिसत नाहीत. मी बघत असते.”

“का गेल्या?”

“तुमीच खाल्ल्या,” भागूबाई मागून म्हणाली.

बाया हसल्या. रंगनाथ हसला नाही. त्यानं खुरपं बाहेर काढलं, बोटानं माती परत दाबली आणि उठला. गुडघे सरळ करताना त्याची नजर मागं गेली.

* * *

सगळं कुरण जागच्या जागी उभं होतं. गाजरगवताचे ढीग बांधाला पडले होते, मधलं कुरूप तण निघालं होतं, आणि त्यामुळे मारवेल, पवना, तरवड उलट उठून दिसत होते. सकाळी ते नुसतं रान होतं. आता कुणीतरी लावल्यासारखं दिसत होतं.

“हे काय केलं?” रंगनाथ म्हणाला. “मी सगळं काढा म्हनलो हुतो.”

“म्हनलास,” भागूबाई म्हणाली. “पन राखलंस. आमी पातीकडं बघायचं का तोंडाकडं?”

“मी कुठं राखलं?”

“बघ की तुजी पात.”

त्यानं बघितली. फाटकापासून तो बसला होता तिथवर, एकेक ठोंब, प्रत्येकाच्या बुडाला सैल केलेली माती. त्याचा हात नव्हता असं म्हणायची सोय नव्हती. त्यानं बापाकडं बघितलं.

“तात्या, तुमी बघत हुता ना? सांगायचं न्हाई?”

“बरं...” तात्या म्हणाले, आणि थांबले. सगळी वस्ती त्यांच्याकडं बघत होती. पुढं काहीतरी बोलणं भाग होतं आणि त्याची त्यांना सवय नव्हती. “बरं खुरपत हुतास, रंगा. मधी कशाला बोलू?”

रंगनाथचा राग कुठं जावा हे त्यालाच कळेना. आत्यावर काढावा तर तिनं नियम पाळला होता. बायांवर काढावा तर त्या फुकट राबल्या होत्या आणि त्यांच्या वावरात त्याच्या घरच्यांना फेड करायला जायचं होतं. भावावर काढावा तर त्याच्या हातात डाव होता आणि आमटी करपायचा वास येत होता.

“मंग मांडव कुठं घालू?” तो म्हणाला. हे तो रागानं बोलला नाही, म्हणून ऐकायला जास्त जड गेलं. “मला दुसरं दार हाय का?”

आरतीनं ऐकलं. आतापर्यंत ती बागेचं एक उत्तर घेऊन उभी होती, थांबा एवढंच. माणसाला दार नाही म्हणताना थांबा म्हणता येत नाही.

“खळ्यावर घाला, दादा,” ती म्हणाली. “खळं सपाटच आहे. कमी पडेल तेवढी जागा इकडची घ्या. पुढची राहिलेली कुसळी मी पोटरी फुटून कुसळं यायच्या आत कापते, सगळी. साडीला एक कुसळ लागलं तर मला बोला. फाटकापासून खळ्यापर्यंत वाट करते. पाहुणे ह्यातूनच येतील. तेव्हा पवना पिकलेला असतो, तांबूस होतो.”

“तांबूस म्हणजे कसा?” निकितानं विचारलं.

“सकाळी बघायचा. सांगता नाही येत.”

“साखरपुडा सकाळचाच आहे ना, पप्पा?”

रंगनाथनं मुलीकडं बघितलं. तिच्या नखांत माती होती आणि ती अजून त्या कंदिलापाशी बसली होती, आत माशी शिरली होती ती बाहेर कशी येणार हे बघत.

“खळ्यावर बसंल का मांडव?” त्यानं वैजनाथला विचारलं.

“थोडा इकडं येईल.”

“इकडं खांब खोदायचा म्हनलं तर पाइपलाइन.”

“ती इकडं न्हाई,” वैजनाथ म्हणाला. “बहुतेक.”

जेवणं बसली. आमटी थोडी लागली होती, ते कुणी बोललं नाही. रंगनाथच्या लापशीचं मात्र सगळ्यांनी नाव काढलं. भागूबाईनं त्याला दुसऱ्यांदा वाढली, तो नको म्हणत असताना. तो ताट घेऊनच उठला, खळ्यावर गेला, तिथून कुरणात उतरला. चार पावलं चालायचा, ठोंब आला की वळसा घ्यायचा, पुन्हा मागं यायचा. फोन वाजला. मांडववाला.

“हां. जरा बेत बदललाय. न्हाई, लांबी तशी सांगता येनार न्हाई मला... तुमी एकटे येऊ नका खड्डे घ्यायला. मी येतो आधी. मी दाखवीन तिथंच घ्यायचे. कधी?” त्यानं इकडं तिकडं बघितलं. “आरती, ही कुसळी कधी कापायची म्हनालीस?”

“नवरात्राच्या आत, दादा.”

“नवरात्राच्या आत येतो,” तो फोनमध्ये म्हणाला.

तात्या बाजेवर जेवत होते. थोरला वर्षातून एकदा, दिवाळीला, उभ्या उभ्या येऊन जाई. त्यांनी घास तसाच हातात धरला आणि सुनेकडं बघितलं.

“नवरात्रानंतर परत उगवती का गं कुसळी?” त्यांनी हळूच विचारलं.